डोंगरी ते एक्सर : शिलाहारांच्या साष्टीत पायी

मुंबई-ठाण्याकडच्या शाळांची इतिहासाची सहल बहुधा दोन ठिकाणी जाते. एक कान्हेरीची लेणी आणि दुसरा वसईचा किल्ला. कान्हेरीला मुले सातवाहनांच्या काळातले चैत्यगृह पाहतात, वसईला पोर्तुगीजांचे चर्च आणि चिमाजी अप्पांचा विजय ऐकतात. दोन्ही सहली चांगल्याच आहेत. पण वहीत त्या एकाखाली एक लिहिल्या, की मध्ये निदान सहा-सात शतके कोरी राहतात. त्या शतकांत इथे लोक राहत नव्हते काय? राहत होते, शेती करत होते, होड्या हाकत होते, कर भरत होते, लढत होते आणि या सगळ्याचे दगड मागे ठेवून गेले. फक्त ते दगड तिकिटाच्या खिडकीमागे नाहीत. ते गावाच्या वेशीवर, तळ्याच्या काठी, पिंपळाच्या पारावर, कधी एखाद्या इमारतीच्या कुंपणाला टेकून उभे आहेत. मोटारीतून ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी चालावे लागते.

आम्ही चार-पाच जण, म्हणजे प्रयोगशाळेत काम करणारे तिघे, भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आणि अधूनमधून येणारे विद्यार्थी, काही वर्षे रविवारी असे चालत आहोत. आमच्यापैकी कुणीही व्यवसायाने इतिहासकार नाही. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः या क्षेत्रातल्या अभ्यासकांचे काम आहे. आमची भर इतकीच, की ते पायाखाली घालून पाहिले.

सुरुवात डोंगरीपासून करू. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या अलीकडे हे गाव आहे. टेकडीवर चढले की उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे मुख, आणि पलीकडे वसई दिसते. पश्चिमेला समुद्र. मराठ्यांच्या कागदपत्रांत हा सारा भाग धारावी बेट म्हणून येतो. (मुंबईतल्या धारावीशी याचा संबंध नाही. मुले हा प्रश्न विचारतातच.) १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत या बेटासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात निकराची झुंज झाली, कारण इथून खाडीच्या तोंडावर नजर राहते. चौकच्या टेकडीवरचे किल्ल्याचे अवशेष आणि गावोगावची चर्चे अशी डोंगरी परिसरातली डोळ्यांना दिसणारी ऐतिहासिक वास्तू जवळजवळ सगळी याच पोर्तुगीज-मराठा काळातली आहे.

पायाखालचा दगड मात्र फार जुना आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी तो ओलांडून जाऊ नये. मुंबईतला बराचसा खडक काळा बेसॉल्ट. डोंगरीत मात्र फिकट रंगाचा, सिलिका जास्त असलेला रायोलाइट उघडा पडलेला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील भूवैज्ञानिकांनी आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने त्याचे वय काढले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. ते सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षे आहे. म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचा मुख्य उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी होऊन गेल्यावर, अगदी शेवटच्या पर्वातला हा लाव्हा. इतिहासाच्या लेखात हे कशासाठी, असे कुणी म्हणेल. एवढ्यासाठी, की कोरीव दगड पाहताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा : हा दगड इथलाच आहे की बाहेरून आणलेला? आपल्या टेकडीचा खडक हातात घेऊन पाहिलेला असेल तरच विद्यार्थ्याला त्याचे उत्तर शोधता येते.

आता काळ ठरवून घेऊ. इतिहासकार साधारण इ. स. ६०० ते १३०० या कालखंडाला पूर्वमध्ययुग म्हणतात. उत्तर कोकणात या कालखंडाचा मोठा भाग, म्हणजे सुमारे ८०० पासून १२६५ पर्यंत, शिलाहारांचा आहे. ते प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. स्वतःला ते तगर नगरीचे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे स्वामी म्हणवीत. ठाण्याला त्यांच्या लेखांत श्रीस्थानक असे नाव आहे. त्यांची राजधानी पुरी. पण ही पुरी नेमकी कोणती यावर एकमत नाही. कुणी घारापुरी म्हणतात, कुणी जंजिऱ्याजवळची राजपुरी, आणखीही मते आहेत. साडेचार शतके राज्य करणाऱ्या घराण्याची राजधानी नकाशावर निश्चित दाखवता येत नाही, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. इतिहासाचे पुस्तक पुरे झालेले नाही हे त्यातून त्यांना कळते.

डोंगरीच्या टेकडीवरून दिसणारी खाडी त्या काळी हमरस्ता होती. आज आपल्याला पाणी म्हणजे अडथळा वाटतो, पूल झाला की सुटलो असे वाटते. तेव्हा पाणी हाच सोपा मार्ग होता. उत्तरेला सोपारा, खाडीच्या आत ठाणे, दक्षिणेला चेऊल ही बंदरे अरब प्रवाशांना चांगली माहीत होती. अल् मसूदी इ. स. ९१६ मध्ये चेऊलला आला होता. तिथल्या राजाचे नाव तो झंझ असे देतो, आणि तो झंझ शिलाहारच. खाडी ओलांडणे ही सामान्य माणसाचीही रोजची गरज होती. डहाणूजवळ चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांत, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ च्या एका लेखात, याचे सुंदर उदाहरण आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याने संजाणच्या भागावर मधुमती नावाचा ताजिक अधिकारी नेमला होता. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट तरीची सोय केली आणि अन्नछत्र घातले, असे लेख सांगतो. त्याच लेखात एका देवीच्या मठिकेसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. हा एक ताम्रपट वर्गात नीट वाचला तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत.

आता चालण्याचा पुरावा म्हणून उपयोग कसा होतो ते पाहू. शिलाहार राजा छित्तराज याचा शके ९४८ म्हणजे इ. स. १०२६ चा ताम्रपट भांडुपजवळ मिळाला. त्यात आमदेव नावाच्या ब्राह्मणाला एक शेत दिल्याची नोंद आहे. शेत कुठले? श्रीस्थानकाच्या अंतर्गत षट्षष्टी या विभागातल्या नौर गावातले. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गावांचा विभाग, त्यावरून साष्टी आणि पोर्तुगीजांच्या तोंडी सालसेत. नौर म्हणजे भांडुपच्या उत्तरेचे आजचे नाहूर. दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा ताम्रपटात देण्याची पद्धत होती, त्यांना आघाट म्हणत. या शेताच्या आघाटांत शेजारच्या गोंवणी गावाची हद्द येते आणि एक राजपथ येतो. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरने हा राजपथ मुंबई-ठाणे रस्त्याच्या मार्गानेच जात असावा असे म्हटले आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीची दलदल. मधल्या कोरड्या चिंचोळ्या पट्टीतूनच रस्ता जाणार. हा तर्क नकाशा पाहून करता येतो, पण पटतो तो डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत स्वतः चालल्यावर. नाहूरला हे अंतर इतके थोडे आहे, की राजपथ दुसरीकडे न्यायला जागाच नाही!

याच दानाचा आणखी एक धागा विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. दान कार्तिक महिन्यातल्या सूर्यग्रहणाच्या पर्वावर दिले आहे. ग्रहणांचे गणित हवे तितके मागे नेता येते. ते मागे नेले तर १२ नोव्हेंबर १०२६ रोजी सूर्यग्रहण झाल्याचे मिळते, आणि आपल्या पंचांगाच्या हिशेबाने ती कार्तिकी अमावास्या येते. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाची नोंद आकाशाशी ताडून पाहता यावी, ही गोष्ट आम्हाला आजही गंमतीची वाटते.

डोंगरीहून दक्षिणेला उत्तनवरून गोराईकडे रस्ता जातो. सकाळी लवकर निघाले तर ऊन तापण्याच्या आत गोराईच्या धक्क्यावर पोचता येते. तिथून तरीने खाडी ओलांडली की बोरिवली. पलीकडच्या काठापासून आत गेले की एक्सर गाव. गाव म्हणण्यासारखे आता थोडेच उरले आहे, चहूकडे इमारती आहेत. पण इथे जे आहे त्याच्या तोडीचे साष्टीत दुसरे काही नाही असे आमचे मत आहे. इथे सहा मोठे वीरगळ आहेत.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यांत खालच्या पट्टीत लढाई आणि वीराचे मरण. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत. त्यावर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला, म्हणजे कैलासात पोचलेला. माथ्यावर कलश. महाराष्ट्रात वीरगळ हजारोंनी आहेत, त्यांत बहुतेकांवर गाईगुरांसाठी किंवा गावासाठी केलेली लढाई असते. एक्सरचे वेगळेपण असे, की यांतल्या काही दगडांवर लढाई समुद्रात चालली आहे. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये या दगडांचे पट्टीवार वर्णन आहे. तेव्हा ते आंब्याच्या बागेत, तळ्याच्या पश्चिम काठी उभे होते. त्या वर्णनानुसार एका दगडावर उंच टोकांची, डोलकाठी असलेली पाच जहाजे लढायला निघाली आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला नऊ वल्ही आहेत आणि वर धनुर्धरांची गर्दी आहे. आजही ही वल्ही मोजता येतात. उत्तन-गोराईची मुले ती मोजतात तेव्हा त्यांना कुणी काही समजावून सांगावे लागत नाही. होडीचा नाळ आणि वरवंडी कोणती हे तीच शिक्षकांना दाखवतात.

पण मग ही लढाई कोणती? इथे जरा थांबले पाहिजे. नेहमी सांगितले जाणारे उत्तर असे : शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातली ही लढाई, साल १२६५. त्याला आधार हेमाद्रीच्या लेखनाचा आहे. हेमाद्री हा यादवांचा मंत्री. सोमेश्वर समुद्रात बुडाला, महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याने समुद्रातला वडवानल पत्करला, अशा अर्थाचे तो लिहितो. म्हणजे समुद्रावर लढाई झाली असावी. एक्सरला समुद्रावरच्या लढाईचे दगड आहेत. दोन्ही जुळवले की झाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या थोर विद्वानांनीही हे दगड याच प्रसंगाशी जोडले. दुसरा पक्ष म्हणतो, की हे शिल्प त्याहून जुने आहे. माळव्याचा परमार राजा भोज याने कोकण जिंकल्याचा उल्लेख त्याच्या १०२० च्या ताम्रपटांत येतो; हे दगड त्या स्वारीचे असू शकतील. वाद मिटावा असा वाचता येण्याजोगा एकही लेख या शिळांवर नाही.

विज्ञान शिकवणाऱ्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. दोन निरीक्षणे स्वतंत्रपणे खरी आहेत. हेमाद्रीचा मजकूर आहे आणि दगडही आहेत. पण ती एकाच घटनेची आहेत हा तिसरा, वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा हवा. जहाजांची संख्या मोजून आरमार केवढे होते हे सांगणे तर त्याहून धोक्याचे. शिल्पकाराने पट्टीत मावतील तेवढीच जहाजे कोरली असणार. आम्हाला विचाराल तर लढाई कुणाची हे न ठरवताही या दगडांतून बरेच निश्चित हाती लागते : साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या काळी जहाजांवरून लढणारे लोक होते, मेलेल्यांसाठी एवढे मोठे दगड घडवून घेण्याइतकी त्यांना प्रतिष्ठा होती, आणि ते शैव होते. वर्गात आपण राजाचे नाव आणि सनावळी यांच्या मागे लागतो आणि हा ऐवज हातचा जातो.

दुसऱ्या प्रकारचा दगड म्हणजे गधेगाळ. तो दाखवताना शिक्षक अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वर सूर्य-चंद्र, मध्ये कधी लेख, कधी कोरी जागा, आणि खाली गाढव व स्त्री यांचे अश्लील वाटावे असे चित्र. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन दान दिली, कर माफ केला, तर तो हुकूम जो मोडील त्याच्या आईला दिलेली ही शिवी आहे. सूर्य-चंद्र असेपर्यंत दान चालावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. परळला सापडलेला अपरादित्याचा शके ११०८ म्हणजे इ. स. ११८६-८७ चा लेख याचा नमुना आहे. षट्षष्टीतल्या माहवली गावातील एका वाडीच्या उत्पन्नातून वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी २४ द्रम्म द्यावेत, असे त्यात सांगितले आहे. दानाचा भाग संस्कृतात, शिवी मात्र मराठीत! ज्याला धाक घालायचा त्याला कळेल अशा भाषेत ती असणे भागच होते. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध शिलालेखही गधेगाळच आहे. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून त्याचा मान शके ९३४, इ. स. १०१२ या वाचनावर उभा आहे, आणि ते वाचन सर्वांना मान्य नाही.

नववी-दहावीच्या मुलांना हे सांगावे का? आम्ही सांगतो. चित्र झाकून दगड दाखवता येत नाही आणि मुलांनी ते आधीच पाहिलेले असते. दान मोडणार पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हे त्या काळच्या समाजाविषयी काय सांगते, असा प्रश्न एकदा एका मुलीनेच विचारला. त्यावर झालेली चर्चा आमच्या रविवारांतली सर्वांत चांगली चर्चा होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजात सरकारी हुकूम कसा पोचत असे, हा त्याच्याच जोडीचा प्रश्न.

गधेगाळाचे खरे महत्त्व त्याच्या जागेत आहे. तो जमिनीच्या हद्दीवर उभा केलेला असतो. म्हणजे कोऱ्या गधेगाळावर एक अक्षर नसले तरी तो जिथे उभा आहे ती जागाच त्याचा मजकूर असते. दगड हलवला की मजकूर पुसला. आणि दगड हलतात. रस्ता रुंद करताना, मंदिराचा जीर्णोद्धार करताना, नवी इमारत बांधताना कुणी तो चांगल्या हेतूनेच उचलून बाजूला ठेवतो. खाडीकाठच्या एका गावात, ज्याचे नाव मुद्दाम देत नाही, पाराला टेकवलेला असा एक दगड आम्ही पाहत होतो. शेजारी जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारले, "काका, हा दगड पहिल्यापासून इथेच आहे का?"

"नाही हो. रस्ता झाला तेव्हा आम्हीच चौघांनी उचलून आणला. आधी बांधावर होता, तळ्याच्या त्या अंगाला."

"त्या चौघांतले आणखी कुणी आहेत का गावात?"

"आता मीच उरलोय," ते म्हणाले.

ते आमच्याबरोबर तळ्यापर्यंत आले आणि जागा दाखवली. आम्ही ती नकाशावर टिपली. ही माहिती कोणत्याही दप्तरात नव्हती, आणि दहा वर्षांनी ती कुठेच नसती.

या पद्धतीला मोठा वारसा आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत असताना ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या काठी घेऊन पायी हिंडत, म्हातारेकोताऱ्यांशी बोलत, देवस्थाने आणि जुन्या वाटा यांची सांगड घालीत. १९६२ मध्ये निघालेल्या त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या पुस्तकात या पायपिटीचे फळ आहे. साष्टीत अलीकडे, गेल्या दशकात, मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे पुरातत्त्व केंद्र, साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग आणि इंडिया स्टडी सेंटर ट्रस्ट यांनी मिळून गावोगाव पायी पाहणी केली. पूर्वीच्या नोंदी पडताळल्या, काही नवे गधेगाळ आणि वीरगळ नोंदवले. या कामात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. एवढ्या दाट वस्तीच्या शहरात न नोंदलेले दगड अजून मिळतात, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही.

एक्सरहून पुढे पायीच मंडपेश्वरला जाता येते. ही शैव लेणी, बहुतेकांच्या मते सहाव्या शतकातली, म्हणजे शिलाहारांच्याही आधीची. आत नृत्य करणाऱ्या शिवाचा भव्य पट आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी लेण्याचे चर्च केले, डोक्यावर इमारत बांधली, एका भिंतीवर क्रूस कोरला. ती इमारत आज भग्न आहे. पाहण्यासारखे पुष्कळ असले तरी आमच्या विषयाच्या दृष्टीने इथे थोडक्यात आटोपते घेऊ, कारण कान्हेरीला परत जायचे आहे.

सुरुवातीला म्हटलेली कोरी शतके खरे तर कान्हेरीच्या भिंतीवरही लिहिलेली आहेत. फक्त सहलीत ती कुणी दाखवत नाही. शके ७६५, ७७५ आणि ७९९ असे तीन लेख तिथे आहेत, राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचे शिलाहार मांडलिक पुल्लशक्ती व दुसरा कपर्दी यांच्या काळचे. शके ७७५ च्या लेखात गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दिल्याचे लिहिले आहे. म्हणजे नवव्या शतकाच्या मध्यालाही कान्हेरी जागती होती आणि तिची कीर्ती बंगालपर्यंत पोचली होती. आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये पारशांच्या टोळ्या इथे आल्या आणि त्यांनी आपली व आपल्या वडिलांची नावे, यज्दगर्दी सनातली तारीख भिंतीवर कोरून ठेवली. ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी एकोणिसाव्या शतकात ती वाचली. दान नाही, नवस नाही, आम्ही येऊन गेलो एवढेच. रस्त्याविना त्या रानात ते पायीच चढले असणार. आपण मुलांना भिंतीवर नाव लिहू नका असे सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण या नावांपुढे उभे राहिल्यावर ते जरा हळू आवाजात सांगावे लागते.

अशी पायवाट आपल्या शाळेतून काढायची तर फार साहित्य लागत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत डोंगरी ४७ ए/१५ या नकाशावर येते आणि एक्सर त्याच्या दक्षिणेच्या ४७ ए/१६ वर. प्रत्येक विद्यार्थ्याने मैदानावर शंभर मीटरला आपली पावले किती होतात ते मोजून ठेवावे, म्हणजे टेप लागत नाही. होकायंत्र, वही, पट्टी आणि एक विजेरी घ्यावी. विजेरी अशासाठी, की झिजलेले अक्षर समोरून उजेड टाकला तर दिसत नाही. उजेड बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकला तर खाचांच्या सावल्या पडतात आणि गेलेले वाटणारे अक्षर उठून येते. सकाळी आठपूर्वीचे आणि संध्याकाळचे ऊन हेच काम फुकट करते. खडूने अक्षरे गिरवू नयेत, पाणी-तेल लावू नये, दगड उकरू किंवा सरळ करू नये. १९७२ च्या पुराणवस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे शिल्प ही पुराणवस्तू आहे. दगडाला तैलरंग लावलेला असेल तर गावकऱ्यांना नावे ठेवू नयेत. त्यांनी पूजा केली म्हणूनच तो टिकला आहे. रंगाखाली ओल कोंडून दगडाचे पापुद्रे सुटतात एवढे मात्र बोलता बोलता सांगून ठेवावे.

डोंगरीच्या शाळांसाठी हे काम तातडीचे आहे. मेट्रो ९ च्या कारशेडची जागा राई-मुर्धे इथल्या विरोधानंतर डोंगरीला नेण्याचे ठरले आणि २०२५ मध्ये तिथल्या हजारो झाडांच्या तोडीवरून मोठा वाद झाला. झाडांची निदान मोजणी झाली, म्हणून वाद तरी घालता आला. दगड, बांध, जुन्या विहिरी आणि शेतांची नावे यांची मोजणी अशा वेळी कुणी करीत नाही. कारशेड व्हावी की न व्हावी हा या लेखाचा विषय नव्हे. पण यंत्रे येण्याआधी टेकडीवर आणि तिच्या पायथ्याला काय आहे हे एकदा चालून लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही वापरतो ती नोंदीची पाटी साधी आहे. दगडाची उंची, रुंदी, जाडी, खडक कोणता, तोंड कोणत्या दिशेला, काय कोरले आहे, खालून वर, जवळचे तळे, विहीर, देऊळ, बांध पावलांत किती दूर, गावात त्याला काय म्हणतात. त्याखाली दोन रकाने. पूर्वी कुठे होता? हे कोणी सांगितले, वय काय? डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली, गोराई या गावांत विद्यार्थ्यांनी आपल्याच आजी-आजोबांना विचारून शेवटचे दोन रकाने आधी भरावेत. दगड नंतर शोधता येतील. भात कापून झाल्यावर, दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत, बांध मोकळे असतात आणि गवत वाळलेले असते. चालायला तेच दिवस बरे.